गल्ल्यामागची खुर्ची

३ फेब्रुवारी

दादा,

साष्टांग नमस्कार, इकडे सर्व क्षेम, तिकडचे कळवावे, हे सगळं लिहून झालं असं समज. आता भांडायला बसते.

ऑफिस सोडून मी हॉटेलात वाढायला लागले तेव्हापासून तू माझा फोन उचलत नाहीस. चुकून उचललास तर "आईला देतो" एवढंच बोलतोस. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच कट करता येत नाही. फाडता येतं, पण तू फाडणार नाहीस, तुला कागद वाया गेलेला बघवत नाही. शिवाय तुझ्याआधी ते वहिनी वाचणार आहे. वहिनी, चष्मा शोध आणि मग वाच, डोळे ताणू नकोस.

मुद्दा आईचा. मी विचारलं होतं की आईला माझ्याकडे राहायला आणू का. त्यावर तू वहिनीकरवी निरोप धाडलास, "टिपांवर जगणाऱ्या बाईकडे मी आईला पाठवणार नाही. आधी बसून करायचं काम आणि महिन्याचा ठरलेला पगार दाखव, मग बोलू."

पाठवणार नाही म्हणे! आई काय कुरिअरने पाठवायची वस्तू आहे?

तुझं घर तिसऱ्या मजल्यावर. आईचे गुडघे पहिल्याच मजल्यावर बोलायला लागतात. गेलं वर्षभर ती जिना उतरलेली नाही. खिडकीतून रस्ता बघते आणि मला फोनवर सांगते की समोरच्या दुकानाचा रंग बदलला. तू तिला काही कमी करत नाहीस, ते मला ठाऊक आहे आणि मी ते कुठेही सांगेन. पण मी तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आहेत. दाराला उंबरा नाही, मुद्दाम बघून घेतल्या. मागच्या दाराने बाहेर पडलं की हातभर अंगण आहे, तिथे ऊन येतं. आईला आणखी काय हवंय ते तूच तिला विचार.

आता टिपांचं. तू म्हणतोस टीप म्हणजे हात पसरणं. दादा, तू नळजोडणीच्या कचेरीत इतकी वर्षं काढलीस. काम अडवून आधी घेतात त्याला काय म्हणतात ते तुझ्या शेजारच्या टेबलाला विचार. माझं उलट आहे. मी आधी वाढते, माणूस जेवतो, तोंड पुसतो, आणि मग त्याला वाटलं तर ठेवतो. नाही वाटलं तर छत्री उचलून चालायला लागतो. मी कुणाची वाट अडवत नाही. तू कुणाच्या चहालाही शिवत नाहीस हे मला माहीत आहे, म्हणून तर तुझ्याशी भांडायला मजा येते. तुझ्या शेजारच्या टेबलाशी मी कशाला भांडेन?

आणि टीप गोड बोलून मिळते हा तुझा समज काढून टाक. गोड बोलणारीला लोक हसून बघतात आणि सुट्टी नाणी ठेवतात. माझ्याकडे खिडकीजवळची चार टेबलं आहेत. माणूस दारातून आत आला की तो भुकेला आहे, भांडून आलाय की नुसता पाय टेकायला आलाय, हे मला तो बसायच्या आत कळायला हवं. भांडून आलेल्या जोडप्याला मी मेनू देत नाही, आधी पाणी देते आणि लांब जाते. एकट्या म्हाताऱ्याला भिंतीकडे पाठ करून बसवते, म्हणजे त्याला सगळं हॉटेल दिसतं आणि जेवण एकट्याचं वाटत नाही. आणि कुणी मागितल्याशिवाय बिल ठेवत नाही, कारण न मागता बिल म्हणजे उठा आता. याला तू हात पसरणं म्हणणार असशील तर शाळेत तू पाढे म्हणून बक्षीस घ्यायचास तेही तेच.

तर हिशेब असा. पगारात घराचं भाडं निघतं आणि थोडं उरतं. बाकी सगळा संसार टिपांवर चालतो आणि नीट चालतो. ऑफिसात होते तेव्हा महिनाअखेरीला मी तुझ्याकडे उसने मागायचे, आठवतंय? गेल्या कैक महिन्यांत मागितले का? आणि आता ऐकच. आईची गुडघ्याची औषधं बाबांच्या पेन्शनमधून येत नाहीत. आई तुला खोटं सांगते. ती माझ्या टिपांतून येतात. म्हणजे टिपांवर तर ती कधीची जगतेय, तुझ्याच घरात, तुझ्या नाकासमोर.

आईवर ओरडू नकोस. ओरडायचं तर मला फोन कर.

तुझी धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

फोन केला नाहीस. पण आईने सांगितलं की पत्र तू दोनदा वाचलंस आणि मग कपाटात ठेवलंस. वहिनीने तिसऱ्यांदा वाचलं.

आईकडून तुझा प्रश्नही कळला, "जो महिना वाईट जाईल त्याचं काय?" प्रश्न बरोबर आहे. तू हुशार आहेस, ते मी कधी नाकारलं नाही.

जातो वाईट. परीक्षांच्या दिवसांत लोक घराबाहेर पडत नाहीत. समोरचा रस्ता खणला होता तेव्हा आमच्याकडे फक्त खणणारे यायचे, आणि ते घरचा डबा खायचे. परवा एका कुटुंबाने दुपार माझ्या टेबलावर काढली. त्यांच्या पोराने सूप ओकलं, ते मी पुसलं, आजोबांना भात मऊ करून आणला, चारदा चमचे बदलले. जाताना म्हणाले, "फार छान वाटलं हो!" आणि ठेवलं काहीच नाही. मला राग आला. सगळ्यांना येतो. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि पुढच्या टेबलाला हसून विचारलं, काय आणू?

पण आमच्याकडे एक गोष्ट आहे ती तुला माहीत नाही. आमचा टिपांचा डबा एक आहे. मालकांच्या वडिलांनी घालून दिलेला नियम. कुणाच्याही टेबलावरची टीप डब्यात, मोबाइलवरून आलेलीही डब्यात, आणि दुपारची जेवणं आटोपली की सगळ्यांसमोर वाटणी. म्हणजे माझ्या टेबलावर कुणी काही ठेवलं नाही तरी मी रिकाम्या हाताने घरी जात नाही, आणि माझ्या टेबलावर कुणी भारी ठेवलं तरी मी एकटी मिरवत नाही. वाढणाऱ्याला एक हिस्सा, आचाऱ्याला एक हिस्सा. भांडीवाल्या काकांना आधी अर्धा मिळायचा. मी भांडले. म्हटलं, ताट चिकट असेल तर मी कितीही अदबीने वाढलं तरी ठेवणार कोण टीप? आता काकांना पूर्ण हिस्सा मिळतो. तेव्हापासून ते मला "पोरी" म्हणतात आणि माझा चहा गाळून ठेवतात.

फक्त गल्ल्यावर बसणाऱ्याला हिस्सा नाही. पैसे त्याच्या हातातून जातात, म्हणून डब्यात त्याचा हात नको, हाही वडिलांचाच नियम. गल्ल्यावरच्या आजोबांना आम्ही चिडवतो, "आजोबा, सगळ्यांत श्रीमंत तुम्ही आणि सगळ्यांत गरीबही तुम्हीच!" ते आता लेकाकडे राहायला जाणार आहेत.

सगळीकडे असं नाही, तेही सांगते, म्हणजे तू बाहेरून ऐकून मला खोटं पाडायला नको. आमच्या कोपऱ्यावरच्या हॉटेलात टिपा मालक खिशात घालतो आणि तिथल्या मुली महिन्याला बदलतात. मला चांगलं हॉटेल मिळालंय. म्हणून मी टिकले, आणि टिकले म्हणून मला गिऱ्हाईक नावाने ओळखतं.

हे लिहिताना पाय गरम पाण्याच्या बादलीत आहेत. थंडी आहे म्हणून, दुसरं काही नाही. आई तुला काहीबाही सांगेल, तिचं ऐकू नकोस. मला उभं राहण्याचं काही वाटत नाही.

आईची खोली रंगवून घेतली. रंग तिला विचारून लावला, त्यामुळे तो भयंकर आहे.

तुझी धाकटी


८ मार्च

दादा,

पेढे वाट. नाहीतर वाटू नकोस, पण ऐक.

तुझी अट पूर्ण झाली. मालकांनी मला बोलावून सांगितलं की आजोबा चालले, गल्ला उद्यापासून तुम्ही सांभाळा. ठरलेला पगार, आधीपेक्षा चांगला. बसून काम. गल्ल्यामागे गादीची खुर्ची आहे, तिला हात आहेत. वरती पंखा. तुला एका वाक्यात जे जे हवं होतं ते सगळं एका खुर्चीत आलं.

मी एक दिवस मागून घेतला. तुला वाटेल मी नाचले असेन. मी घरी जाऊन आकडे मांडले. वाढलेला पगार धरूनही हिस्सा गेल्यावर हातात येणारे पैसे आधीपेक्षा बरेच कमी. भाडं, किराणा, आईची औषधं, सगळं बसतं, पण गुडघे टेकून बसतं. डॉक्टरकडे एक खेप जास्त झाली तर कुठून आणायचे ते माहीत नाही. म्हणजे तुझ्या हिशेबाने मी वर चढले आणि माझ्या हिशेबाने खाली घसरले.

तरी मी हो म्हटलं. आईसाठी. मला ते आवडलेलं नाही आणि आवडल्याचं नाटकही मी करणार नाही.

खुर्चीचं सांगते. पहिल्या दिवशी कुणाचा तरी चमचा पडला आणि मी ताडकन उठले. माझ्या जागी आलेल्या नव्या मुलीने डोळे मोठे केले, "ताई, बसा ना, मी आहे." परत चमचा पडला, परत मी उठले. मालक म्हणाले, "तुम्हाला खुर्ची चावते का?" माझी खिडकीजवळची टेबलं त्या मुलीला दिली आहेत. ती भांडून आलेल्या जोडप्याला जाऊन विचारते, "सगळं ठीक ना?" मला इकडे बसून कपाळावर हात मारावासा वाटतो.

एक मात्र मी केलं. आजोबा सुटे द्यायचा कंटाळा करायचे. मोठी नोट परत गेली की गिऱ्हाईक ती घडी घालून खिशात ठेवतं, कारण मोठी नोट टीप म्हणून कोण ठेवणार? मी प्रत्येकाला सुटे करून देते, लहान लहान नोटा, नीट पसरून. लोकांचा हात सैल होतो. आठवड्यात डबा दुपारी जड यायला लागला. वाटणीच्या वेळी सगळे हसत होते. काकांनी आपले पैसे मोजले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, "माझ्या तोंडाकडे काय बघताय, घ्या की!" आणि पंख्याखाली जाऊन बसले.

तर आता बोल. ठरलेला पगार आहे. बसून काम आहे. एक एप्रिलला आईला घेऊन ये. तू नाही आलास तर मी येते आणि तिला पाठीवर घालून तीन मजले उतरवते.

तुझी धाकटी
(बसलेली)


२६ मार्च

दादा,

वहिनीचा निरोप मिळाला होता. आई एक तारखेला येणार, तू स्वतः आणून सोडणार. मी त्या दिवशी काकांना दोन चहा पाजले.

आता हे वाच, आणि उभ्याने वाचत असशील तर बस.

आज सकाळी मालक गल्ल्यापाशी आले, हिशेब बघितला, खूश झाले. मग आवाज खाली करून म्हणाले, "नव्या शाखेच्या नळजोडणीचा अर्ज तुमच्या भावाच्या टेबलावर पडून आहे. जरा आठवण करा. आता काय, घरचीच माणसं आपण."

मी म्हटलं, "माझ्या भावाला तुम्ही कसं ओळखता?"

तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं, आणि वर हसून सांगितलं. तू आला होतास. मी सुट्टीवर होते तो दिवस बघून आलास. मागच्या खोलीत त्यांच्यासमोर बसलास आणि म्हणालास, माझ्या बहिणीला बसायचं काम द्या, एवढे उपकार करा. मालक म्हणाले, "मोठा सज्जन माणूस. मी त्यांच्या कचेरीत दोन खेपा घातल्या, तेव्हा माझा चहा त्यांनी हात जोडून परत केला होता. इथे मात्र घेतला हो!"

दादा, तू चहा घेतलास?

ज्याच्या अर्जावर तुझी सही व्हायची आहे त्याचा चहा घेतलास? शेजारच्या टेबलावर बशा वाजतात म्हणून तू जागा बदलून मागितली होतीस. बाबांच्या आजारपणात साहेबाकडे रजेसाठी तुझी जीभ वळली नाही, तू बिनपगारी राहिलास. आयुष्यात कुणापुढे शब्द टाकला नाहीस. आणि टाकलास तो कुणापुढे, कशासाठी? मला टीप मिळू नये म्हणून! मला हात पसरणारी म्हणत होतास आणि तू काय केलंस?

मी विचारलं, "उपकार करा, असं म्हणाला? हेच शब्द?"

मालक म्हणाले, "हो. म्हणाले, आई सांगते ती रोज रात्री पाय बादलीत घालून बसते. तिच्या पोटऱ्यांच्या शिरा निळ्या झाल्यात. ती मला कधी सांगणार नाही आणि मी विचारलं तर भांडेल. तिचे पाय जायच्या आत तिला बसवा."

मला वाटत होतं तुला माझी लाज वाटते. तुझी अट म्हणजे तुझं नाक, असंच मी चार लोकांना सांगत होते. आणि तू माझ्या पोटऱ्यांसाठी परक्या माणसासमोर हात जोडून आलास. मला रडू आलं, गल्ल्यावर, गिऱ्हाइकासमोर. एका बाईंनी मला रुमाल दिला आणि सांगितलं की सुटे नसतील तर राहू द्या.

पण दादा, रडले म्हणून मी ऐकणार नाही.

मी खुर्चीवरून उठले. मालकांना म्हटलं, "ही खुर्ची तुम्ही मला दिलीत की माझ्या भावाच्या सहीला?" ते म्हणाले, "तसं नाही हो ताई, तुम्ही उलटं घेताय." मी म्हटलं, "मग सरळ सांगते. उद्यापासून मी वाढणार. तुमचा अर्ज नियमाने ज्या दिवशी जायचा त्या दिवशी जाईल, आणि तुमच्या चहाचे पैसे हे घ्या." आणि चहाचे पैसे गल्ल्यात टाकले. पावती पण फाडली.

त्यांनी मला काढून टाकलं असतं तर टाकलं असतं. नाही टाकलं, कारण गिऱ्हाईक मला विचारतं. मला पुष्कळदा वाटायचं की टीप म्हणजे फक्त पैसे. आज कळलं की ती गिऱ्हाईक ठेवतं म्हणून मी मालकापुढे ताठ उभी राहू शकते. पगार त्यांच्या मनात आला की कमी होईल, खुर्ची त्यांच्या मनात आली की जाईल.

फुकट मात्र काही मिळालं नाही. माझी खिडकीजवळची टेबलं गेली. मला स्वयंपाकघराच्या दाराशेजारची दिली आहेत. दार उघडलं की वाफ अंगावर येते, आणि तिथे बसायला सांगितलं की लोक नाक मुरडतात. पहिल्यापासून सुरुवात करायची. करीन.

पायांचं म्हणशील तर खरं आहे. दुखतात. रोज दुखतात. डॉक्टरने घट्ट मोजे दिलेत, ते घालते, आणि दर तासाला पाठच्या पायरीवर दोन मिनिटं बसायचं मी मालकांकडून कबूल करून घेतलंय. सगळ्यांसाठी. नव्या मुलीचेही पाय आहेत. हे मला मागायचं होतं आणि मीच मागायला हवं होतं. तू विचारलं असतंस तर मी भांडले असते, हेही खरं. तरी तू विचारायला हवं होतंस. मी भांडले असते आणि मग सांगितलं असतं.

आता तू मालकाचा मिंधा नाहीस. मीही नाही.

तुझी अट मी मोडली आहे. ठरलेला पगार कमी, बसायचं काम नाही, टिपा आहेत. लपवून आईला आणायचं असतं तर पुढचा आठवडा गप्प बसले असते, तुला काय कळणार होतं? पण तशी आणलेली आई मला नको. एक तारखेला तिला आणायचं की नाही ते तू ठरव. नाही आणलीस तर मी परत लिहीन, आणि परत, तुझं कपाट भरेपर्यंत.

धाकटी


२ एप्रिल

दादा,

आई आतल्या खोलीत झोपली आहे. त्या भयंकर रंगाकडे बघून "झकास!" म्हणाली आणि झोपली. तू आणि वहिनी घरी नीट पोचलात असं धरून चालते.

काल दुपारी जेवणांच्या ऐन गर्दीत हॉटेलचं दार उघडलं आणि वहिनीच्या हाताला धरून आई आत आली. ती घरी येईल म्हणून मी किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून आले होते. आणि ही थेट हॉटेलात! हातात माझ्या तीन ताटं. मी तिथूनच ओरडले, "आई, सांभाळून, फरशी ओली आहे!" सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

नव्या मुलीने तिला खिडकीजवळ बसवायला नेलं. आई म्हणाली, "माझी मुलगी कुठे वाढते? तिकडे बसव." म्हणून ती स्वयंपाकघराच्या दाराशी, वाफेत बसली. आणि दादा, तिला ते टेबल इतकं आवडलं! दार उघडलं की आतलं सगळं दिसतं. आचारी भात कसा उपसतोय, काका ताटं कशी विसळताहेत, ती मान लांब करून बघत होती. आत तोंड घालून काकांना म्हणाली, "अहो, पाणी जरा गरम घ्या, तेल निघत नाहीये ते." काकांनी पाणी गरम घेतलं. मला इतक्या दिवसांत सुचलं नव्हतं की घरात कोंडलेल्या माणसाला ते टेबल हवंसं वाटेल. आज मी तिथे दोन आज्यांना बसवलं. उठायला तयार नव्हत्या.

मी आईला विचारलं, "दादा काय म्हणाला? माझं पत्र मिळालं ना?"

वहिनी म्हणाली, "मिळालं. जेवले नाहीत त्या दिवशी. मग म्हणाले, अट मोडली तिने, आता कसं पाठवायचं? तेव्हा आई उठल्या."

आई म्हणाली, "उठले म्हणजे काय, पिशवी भरायला घेतली. म्हटलं, मी तिच्या टिपांवर जात नाही, तिच्याकडे जातेय. तुझ्याकडे होते तेव्हा तुझ्या पगारावर होते का रे? तुझ्याकडे होते. मग त्याने मला धरून एकेक पायरी उतरवली. तीन मजले. मध्येच घाम पुसायला थांबला, मला वाटतं घामच होता."

मी विचारलं, "मग आहे कुठे तो?"

दोघींनी एकमेकींकडे बघितलं. वहिनी म्हणाली, "बाहेर गाडीत. आत नाही म्हणतात. त्या मालकांना तोंड कसं दाखवू म्हणतात. त्यांचा अर्ज रीतसर होता, तो यांनी रांगेतच ठेवलाय, पण चहा घेतला होता ना."

मी हातातली ताटं ठेवली आणि दारापर्यंत आले. गाडी समोरच होती. तू खाली मान घालून बसला होतास, स्टिअरिंगवर दोन्ही हात. तुझे केस इतके पिकलेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी काचेवर टकटक करणार होते. तेवढ्यात आतून कुणीतरी बिल मागितलं आणि मला वळावं लागलं. परत आले तेव्हा तू आईची पिशवी पायरीवर ठेवून, वहिनीला घेऊन निघून गेला होतास. पिशवीत आईच्या औषधांच्या शेजारी माझ्यासाठी मोज्यांचे तीन जोड होते. घट्टवाले. माप बरोबर आहे.

मी ते घातले आहेत. आभार मानणार नाही, तुला आवडत नाहीत.

आता मी सांगते ते ऐक. मालकाला तोंड दाखवायची लाज तुला कसली? चहाचे पैसे दिलेत, पावती आहे. आईला भेटायला तुला माझ्या घरी यायचं आहे, कधीही, न विचारता. पण त्याआधी एकदा इथे यायचंस. पुढच्या दाराने यायचंस, भर दुपारी, सगळे असताना. मी तुला स्वयंपाकघराच्या दाराशी बसवीन आणि वाढीन, जशी सगळ्यांना वाढते तशी. एक काडीही जास्त नाही. तू काय मागवतोस, कसा जेवतोस, कधी बोलायचं आणि कधी लांब जायचं ते मला कळेल, कारण ते माझं काम आहे आणि मी त्यात चांगली आहे.

बिल तू भरायचंस. भाऊ म्हणून सूट मिळणार नाही. आणि मग तुला वाटलं, की हो, या बाईने आपल्याला नीट जेवू घातलं, तर टेबलावर टीप ठेव. नाही वाटलं तर काही ठेवू नकोस, मला राग येईल आणि मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारीन.

पण ठेवलीस तर मी ती उचलणार आहे, दादा, तुझ्या डोळ्यांदेखत, आणि सगळ्यांसमोर डब्यात टाकणार आहे.

धाकटी